गोधडीची फुलं

आज कुणाशीही भांडायचं नाही, असं तेजस्विनीने सकाळी इंदूरहून निघतानाच स्वतःला बजावलं होतं. अक्काचं, म्हणजे आईचं, वर्षश्राद्ध होतं. गेल्या वर्षभरात धाकट्या भावाशी, दिलीपशी, तिचं तीनदा वाजलं होतं. एकदा अक्काच्या चष्म्यावरून, एकदा देव्हाऱ्यावरून आणि तिसऱ्यांदा कशावरून ते आता दोघांनाही आठवत नव्हतं. म्हणून उज्जैनच्या रामघाटावर गुरुजींनी अर्ध्या तासात सगळं उरकलं तरी ती गप्प बसली. घरी आल्यावर शोभाकाकूने "इंदूरची हवा मानवलेली दिसते हो तुला" असं तिच्या कमरेकडे बघत म्हटलं, तेही तिने गिळलं.

पण पानं मांडायच्या आधी दिलीपने हॉलमध्ये भिंतीशी टेकवलेल्या त्या भल्यामोठ्या चौकटीवरचा खाकी कागद काढला, आणि तिचा सगळा निश्चय मातीत गेला.

काचेमागे गोधडी होती. घरातली, लहानपणापासूनची, एकुलती एक. खाली पितळी पाटी ठोकलेली: "कै. इंदिरा यज्ञेश्वर आठल्ये यांचे हस्तकौशल्य."

"सरप्राइज," दिलीप म्हणाला. "आज चार वाजता आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे ना, 'आजीचा हात' म्हणून. त्यात ही सगळ्यात पुढे राहणार. आणि मग कायमची तिथेच, अक्काच्या नावाने. कशी वाटते, ताई?"

तेजस्विनीला कशी वाटते ते कळायच्या आत तिची नजर कोपऱ्यांवर गेली. चारही कोपरे कापल्यासारखे सरळ होते.

"फुलं कुठे गेली?"

"कसली फुलं?"

"कोपऱ्यांना होती ती. कापडाच्या त्रिकोणी घड्या, एकावर एक शिवलेल्या. चार होती."

"अच्छा, ते लोंबकळणारं?" दिलीप हसला. "फ्रेमवाला म्हणाला, काच बसत नाही, जाड होतं. कल्पनाने काढून टाकलं. वैसे भी काय शोभा होती त्याची, चिंध्याच तर होत्या."

कल्पना, दिलीपची बायको, आतून खिरीचं पातेलं घेऊन आली होती. ती तिथेच थबकली, मग पातेलं ठेवून परत आत गेली.

"दिलीप," तेजस्विनी म्हणाली, "ही गोधडी अक्काने शिवलेली नाही. ती सबीनबाईने शिवली."

हे ती आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलली होती. वडील, बापू, बँकेत होते, कर्नाटकातल्या हळियाळच्या शाखेत, त्या काळातली गोष्ट. बहात्तर साली बदली होऊन बिऱ्हाड उज्जैनला आलं, आणि माधवनगरच्या या घरात ते हळियाळ हळूहळू पुसलं गेलं. दिलीपचा जन्म तिथला, पण त्याला आठवण्यासारखं काही नव्हतं. तो जन्मला तेव्हा तेजस्विनी आठ वर्षांची होती आणि तिला सगळं आठवत होतं. सबीनबाई सिद्दी होती. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून जहाजांत घालून गोव्याला आणलेल्या आणि तिथून घाट चढून जंगलात पळालेल्या माणसांची ती वंशज. उंच, काळीभोर, कुरळ्या केसांची, आणि मराठी अशी बोलायची की अक्काला कोकणी आणि कानडी दोन्ही तिच्यात सापडत. दिलीप सातव्या महिन्यात जन्मला, अक्का तीन महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याला अंगाखांद्यावर सबीनबाईनेच जगवलं. आणि दुपारी तो निजला की मागच्या ओसरीत फरशीवर जुनं लुगडं पसरून ती गोधडी घाले. ती तिला कवंदी म्हणायची.

"कोण सबीनबाई?" दिलीपने विचारलं खरं, पण विचारताना त्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

"अरे, ती नाही का, हबशीण होती यांच्याकडे कामाला," शोभाकाकू सोफ्यावरून म्हणाली. बापूंच्या धाकट्या भावाची बायको, वय ऐंशी, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. "मी आले होते एकदा हळियाळला. दारात बघून घाबरलेच होते मी, बाई. पण ताकदीची होती. पाण्याच्या दोन-दोन कळशा."

"काकू, तिला नाव होतं."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणते? पण कामवालीच ती. सांगितलं तसं शिवलं. बाई ठेवली की तिच्या हातचं काम ते घरचंच काम."

"मग दिलीपला पण तिनेच वाढवला. तो तिचा म्हणायचा का?"

काकूने विषय सोडून दिला आणि पानं घ्यायला सांगितली. हे वर्षातून एखाद्या वेळेसच घडायचं, पण तेजस्विनीला त्याचा आनंद झाला नाही.

जेवताना कुणी विषय काढणार नाही असं वाटलं होतं. वड्यापर्यंत कुणी काढलाही नाही. मग रुचिर, दिलीपचा मुलगा, जो प्रदर्शनाची सगळी धावपळ करत होता, त्याने आमसुलाच्या चटणीत बोट फिरवत तोडगा काढला.

"आत्या, टेन्शन नको घेऊ. पाटी बदलून टाकू ना. 'संकल्पना: इंदिरा आठल्ये. सहकार्य: सबीनबाई.' दोन्ही नावं आली, खतम."

"सहकार्य?"

"म्हणजे… योगदान?"

"रुचिर, तुझ्या अक्काआजीला साधी गुंडी लावता येत नव्हती. तुझ्या बाबाच्या शाळेच्या शर्टाला सेफ्टी पिना असायच्या. तिची संकल्पना काय होती? 'सबीन, हे जुनेर पडलंय ते घेऊन टाक', ही संकल्पना. ते तुकडे कुठे ठेवायचे, निळ्याशेजारी पिवळा का, ही पट्टी मध्येच का तुटते, हे सगळं त्या बाईच्या डोक्यात. खडूची रेघ नाही, मोजपट्टी नाही. कडेपासून सुरू करायची आणि गोल गोल आत यायची. मी शेजारी बसून बघितलंय. विचारलं, सबीनबाई, तुला कसं कळतं पुढे कुठला रंग? तर म्हणाली, हात विचारतो, डोळा सांगतो. ही बाई कलाकार होती. आणि तू तिला सहकार्यात घालतोस."

रुचिरने मान खाली घातली. मुलगा वाईट नव्हता. त्याने फक्त निमंत्रणपत्रिका फार छापल्या होत्या.

"तीन वर्षांपूर्वी मृण्मयीकडे गेले होते," तेजस्विनी थांबेना. मृण्मयी म्हणजे तिची लेक, अमेरिकेतली. "एका संग्रहालयात नेलं तिने मला. दालनभर गोधड्या टांगलेल्या. तिथल्या काळ्या बायकांनी शिवलेल्या. ज्यांच्या पणज्यांना साखळ्या घालून नेलं, ज्यांनी कापूस वेचला, नवऱ्यांच्या फाटक्या विजारी जोडून पोरांना पांघरुणं केली, त्या बायका. लोक लांबून येऊन बघत होते, हळू आवाजात बोलत होते. आणि आतल्या खोलीत एक भिंत आपल्याकडच्या सिद्दी बायकांची होती. एक समुद्र ओलांडून त्या तिकडे गेल्या, दुसरा ओलांडून या इकडे आल्या, आणि दोघींच्या हाताने एकच हट्ट धरला. सगळ्यांच्या कोपऱ्यांना फुलं. मी तिथे उभी राहून रडले. मृण्मयीला वाटलं माझी साखर कमी झाली. प्रत्येकीखाली पाटी होती. नाव, गाव, साल. तेवढंच, पण होतं."

"ते म्युझियम आहे, ताई," दिलीप म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता. "हे आपलं घर आहे. आज आईचं वर्षश्राद्ध आहे. दोनशे लोक येणार आहेत. त्यांच्यासमोर तू तिला चोर ठरवणार?"

"चोर तू ठरवतोयस. ती नुसती गप्प राहिली. तू पितळेवर कोरून घेतलंस."

"ती गप्प राहिली तर तू पण राहिलीस ना? साठ वर्षं होत आली. आज कुठून जाग आली?"

हा घाव वर्मी बसला, कारण तो खरा होता. तेजस्विनीच्या लग्नात विहीणबाईंनी रुखवतात ती गोधडी पाहून विचारलं होतं, कुणी केली हो इतकी सुंदर? अक्का म्हणाली, मीच. तेजस्विनी शेजारी मुंडावळ्या बांधून उभी होती. ती काही बोलली नाही. पुढे अक्काने गोधडी ठेवून घेतली, म्हणाली, ही घरातून जायची नाही. तेव्हाही ती काही बोलली नाही. मुंडावळ्या सुटून चाळीस वर्षं झाली, तोंड काही सुटलं नव्हतं.

ती पानावरून उठली आणि हात धुवायला स्वयंपाकघरात गेली.

कल्पना ओट्याशी उभी होती. तिने नळ चालू केला, मोठा, बाहेर ऐकू जाऊ नये इतका.

"ताई, एक सांगायचं होतं. रागावू नका. म्हणजे रागवा, पण आधी ऐका."

"बोल."

"अक्का शेवटच्या महिन्यात गोधडी उशाशी घेऊन असायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, कल्पना, ही माझी नाही. सबीनची आहे. मी लोकांना माझी म्हणून सांगितली आणि मग परत फिरायला वाटच राहिली नाही. माझ्यामागे तेजूला सांग, तिने खरं नाव सांगावं. तिला माहीत आहे."

तेजस्विनीने नळ बंद केला. "आणि तू मला सांगितलं नाहीस."

"यांना सांगितलं. त्याच दिवशी. हे म्हणाले, आजारपणातलं बोलणं आहे, डोकं फिरलंय तिचं, कुठे बोलू नकोस. मी नाही बोलले. वर त्या फ्रेमवाल्यासमोर बसून फुलंही मीच उसवली." तिने कोनाड्यातली हळदकुंकवाची जुनी स्टीलची डबी काढली आणि झाकण उघडलं. आत चार फुलं होती, रंग उडालेली, प्रत्येकाला पाच-सहा त्रिकोण. "फेकवली नाहीत मला."

म्हणजे दिलीपला माहीत होतं. "कोण सबीनबाई" म्हणताना माहीत होतं. तेजस्विनीचा संताप इतका वेळ उकळत होता, तो आता एकदम थंड झाला, आणि थंड झाल्यावरच तो कामाचा होतो हे तिला छत्तीस वर्षं शिक्षिका म्हणून वर्गात उभं राहून ठाऊक होतं. तिने डबी मिटली, पर्समध्ये ठेवली.

"सुई आहे का जाडी?"

"आहे," कल्पना म्हणाली. "दोरा पण आहे."

चार वाजता मंडळाचा हॉल भरला होता. टेबलांवर रुमाल होते, लोकरीचे स्वेटर होते, मण्यांची तोरणं होती, भैरवगढच्या छापाच्या चादरीवर कुणाच्या तरी आजीचा अडकित्ताही मांडलेला होता, तो कुठल्या हस्तकौशल्यात बसतो ते मंडळालाच ठाऊक. व्यासपीठावर मधोमध गोधडी. लांबून दिवा पडल्यावर ती अशी काही दिसत होती की आत येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडेच बघे. निळ्या, पिवळ्या, काळ्या तुकड्यांच्या वेड्यावाकड्या वाटा सगळ्या आत आत जात होत्या आणि मध्यभागी एक लालभडक चौकोन होता.

दिलीप माइकसमोर उभा राहिला. चांगला बोलायचा तो, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत प्रत्येक निरोपसमारंभात त्यालाच उभं करत.

"मी सातव्या महिन्यात जन्मलो. डॉक्टरांनी आशा सोडली होती," तो म्हणाला. "आईने ही गोधडी माझ्यासाठी शिवली. आणि हा मधला लाल तुकडा बघा. हा तिच्या डोहाळजेवणाच्या लुगड्याचा. मी शाळेत जायला लागलो तरी हा गालाखाली घेतल्याशिवाय मला झोप येत नसे." इथे त्याला खरोखरच रुमाल काढावा लागला. त्यात नाटक नव्हतं, आणि तेच तेजस्विनीला जास्त लागलं.

ती तिसऱ्या रांगेत उभी राहिली. "दिलीप, एक मिनिट."

हॉल वळला. दिलीपच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग विनवणी.

"डोहाळजेवणाला साडी कुठल्या रंगाची असते रे?"

"ताई, नंतर बोलू ना."

"हिरवी," पहिल्या रांगेतल्या एक बाई आपसूक म्हणाल्या. "हिरवीच की." मागून आणखी दोघी-तिघींनी माना हलवल्या. इतक्या बायकांमध्ये हे कुणाला सांगावं लागत नव्हतं, आणि इतक्या वर्षांत दिलीपला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"अक्काचं डोहाळजेवण झालंच नाही. तू घाई केलीस. ते लाल लुगडं सबीनबाईचं आहे, तिच्या लग्नातलं. तान्ह्या पोराच्या गालाला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड लागतं. आपल्या घरातलं सगळं खरखरीत होतं. तिने तिचं चांगलं एकच होतं ते फाडलं. मी समोर होते. म्हणाली, पोरगा झोपू दे. मग तो तुकडा मधोमध शिवायला घेतला आणि बंद करायच्या आधी माझ्या हातून आत चार तांदळाचे दाणे घातले. पोट रिकामं ठेवून गोधडी द्यायची नसते म्हणाली. ते दाणे कधीच विरले असतील. शेवटी कोपऱ्यांना फुलं लावली. फुलांशिवाय गोधडी नागडी असते, असंही म्हणाली." तिने श्वास घेतला. "त्या बाईला आपण घरात ओसरीच्या पुढे येऊ दिलं नाही. तिचा कप वेगळा होता, कान तुटलेला. तिचं लुगडं मात्र तुझ्या गालाखाली चाललं. तिची कला आपल्या भिंतीवर चालली. नाव तेवढं चाललं नाही. ती काळी होती आणि कामाला होती म्हणून आपल्याला ते सुचलंही नाही. याची मला लाज वाटते, आणि ती मला एकटीलाच वाटू नये."

शोभाकाकू पदराने चष्मा पुसत राहिली.

"आजारपणात बोलायची ती…" दिलीप माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाला, पण माइकने ते पकडलं.

"आजारपणात नव्हे, शुद्धीत बोलल्या," कल्पना उठली. तिला हॉलमध्ये बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. "मी होते तिथे. आणि तुम्हाला मी सांगितलं होतं."

ती व्यासपीठावर चढली. तिच्यामागे तेजस्विनी. रुचिर कुठूनसा पेचकस घेऊन आला, बापाकडे न बघता त्याने चौकट पालथी घातली आणि मागचे स्क्रू काढायला लागला. पितळी पाटी सुटून सतरंजीवर पडली. दोघी नणंदा-भावजया गोधडी मांडीवर घेऊन सतरंजीवरच बसल्या. एक कोपरा एकीकडे, दुसरा दुसरीकडे. शिवणं दोघींचंही यथातथाच होतं. दोरा दोनदा तुटला. पहिल्या रांगेतल्या त्या बाई उठून आल्या आणि न विचारता तिसरा कोपरा धरून बसल्या.

चौथं फूल उरलं तेव्हा दिलीप येऊन समोर टेकला. तो गोधडीकडे नाही, लाल चौकोनाकडे बघत होता. त्याने त्यावर हात ठेवला. मग रुचिरच्या हातातला पुठ्ठ्याचा तुकडा आणि मार्कर घेतला.

"नाव काय लिहू? पूर्ण."

"सबीन सिद्दी."

त्याने लिहिलं. अक्षर त्याचं अजूनही बँकेतलं होतं, सुवाच्य.

"साल?"

"एकोणीसशे अडुसष्ट. तू जन्मलास ते."

"गाव?"

तेजस्विनीने तोंड उघडलं आणि तिला काही सुचलं नाही. हळियाळ नव्हतं. सबीनबाई हळियाळला चालत यायची, जंगलातून, कुठल्याशा पाड्यावरून, अंधार असताना निघून. येताना कधी करवंदं आणायची. चार वर्षं रोज. तिच्या नवऱ्याचं नाव, तिला मुलं किती, ती गाते का, तिच्या आईने तिला शिवायला शिकवलं की आजीने. आज इतक्या लोकांना तावातावाने सुनावणाऱ्या तेजस्विनीने त्यातलं काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. आठ वर्षांची असताना नाही, आणि बाराची झाल्यावर, टांग्यात सामान चढत असताना, सबीनबाई कुंपणाबाहेर उभी होती तेव्हाही नाही.

"ताई, गाव?"

"माहीत नाही."

"मग सोडून देतो ती ओळ."

"सोडू नकोस," तेजस्विनी म्हणाली. "लिही. गाव: आम्ही विचारलं नाही."

दिलीपने तिच्याकडे पाहिलं, मग मार्करचं टोपण पुन्हा काढलं आणि सांगितलं तसं, एकेक अक्षर मोकळं, लिहून काढलं.